कपाटातला दमटपणा मोजताना: पहिला बोर्ड, पहिला प्रश्न, पहिली दुरुस्ती

ठाण्यात पावसाळा स्थिरावला की कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर, जुन्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर आणि वर्षातून एकदाच बाहेर निघणाऱ्या रेशमी साडीच्या घडीत पांढुरकी बुरशी धरू लागते, हे येथे राहणाऱ्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. खाडीच्या दोन्ही बाजूंना, घोडबंदर रस्त्यापासून बेलापूरपर्यंत, या दिवसांत हवेतील सापेक्ष आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर असते. बंद कपाटाच्या खालच्या कप्प्यात ती नेमकी किती आहे, हे मात्र मोजल्याशिवाय कळत नाही. ती मोजणारे छोटे उपकरण स्वतः जोडणे हे या लेखाचे निमित्त आहे. ज्यांना नव्या उपकरणांची आवड आहे, पण आजवर ती केवळ विकत घेतली आणि वापरली आहेत, अशा वाचकांना बोर्डाच्या, म्हणजे आपला कोड चालवणाऱ्या छोट्या सर्किटच्या, खरेदीपासून एखाद्या मुक्त (ओपन सोर्स) प्रकल्पात पहिली दुरुस्ती पाठवण्यापर्यंत नेणे हा त्याचा हेतू आहे.

एक मत सुरुवातीलाच स्पष्टपणे मांडतो, कारण पुढच्या सर्व सूचना त्यावरच उभ्या आहेत. बोर्ड निवडताना त्याच्या वेगाचे आणि स्मृतीचे आकडे पाहण्याआधी, तो वापरणारी आणि त्याविषयी लिहिणारी माणसे किती आहेत, हे पाहावे. नवशिक्याचे काम वेग कमी पडल्यामुळे सहसा अडत नाही. ते अडते एखाद्या सैल पिनेमुळे किंवा चुकीच्या केबलमुळे, आणि तेव्हा उपयोगी पडतो तो याच अडचणीतून आधी गेलेल्या कोणी तरी लिहून ठेवलेला अनुभव.

कोणता बोर्ड घ्यावा

आर्डुइनो या बोर्डांच्या मालिकेचा जन्म २००५ साली इटलीतील इव्रेया या गावी, डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी झाला. त्याचा उनो हा बोर्ड आजही शिकण्यास उत्तम आहे, परंतु १६ मेगाहर्ट्झचा वेग आणि अवघी २ किलोबाइट स्मृती असलेल्या मूळ उनोमध्ये वाय-फाय नाही. आपल्याला कपाटातले आकडे मोबाइलवर पाहायचे असल्यामुळे एस्प्रेसिफ या शांघायच्या कंपनीची, २०१६ साली आलेली ईएसपी३२ ही चिप अधिक सोयीची ठरते. तिच्यात २४० मेगाहर्ट्झपर्यंत चालणारे दोन गाभे (कोअर), ५२० किलोबाइट स्मृती, वाय-फाय आणि ब्लूटूथ एवढे सगळे असते. रास्पबेरी पाय हा संपूर्ण लिनक्स संगणक आहे. दर मिनिटाला एक आकडा वाचण्यासाठी त्याची गरज नाही.

ईएसपी३२च्याच कुटुंबात पुढे सी३, सी६ अशा नव्या चिपा आल्या. सी६मध्ये तर वाय-फाय ६ आणि झिगबी (घरातील उपकरणे बिनतारी जोडणारी पद्धत) यांचीही सोय आहे, आणि नवेपणाची ओढ असलेल्या माणसाचा हात साहजिकच तिकडे जातो. तरीही पहिला बोर्ड म्हणून मूळ ईएसपी३२च घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्याच्याविषयी इतक्या वर्षांत इतके प्रश्न विचारले गेले आहेत की नवशिक्याला येणारी बहुतेक प्रत्येक अडचण कोणी तरी आधीच सोडवून ठेवलेली असते. नव्या चिपेकडे दुसऱ्या प्रकल्पात जरूर वळावे.

खरेदी

ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ही सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांची मुंबईतली जुनी पेठ आहे. ठाण्याहून मध्य रेल्वेने दादरला उतरून पश्चिम रेल्वेची गाडी पकडावी. वाशी, नेरूळकडून येणाऱ्यांनी हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत येऊन तेथून दादर गाठावे, किंवा थेट मुंबई सीएसएमटीला उतरून पुढे बस अथवा टॅक्सी करावी. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. ऑनलाइन मागवणे सोपे आहे हे खरे, पण पहिल्या वेळी तरी वस्तू हातात घेऊन पाहावी, आणि त्याची कारणे पुढे येतात.

घ्यायच्या वस्तू थोड्याच आहेत: ईएसपी३२ डेव्हलपमेंट बोर्ड, आर्द्रता मोजणारा बीएमई२८० सेन्सर, एक ब्रेडबोर्ड (तारा नुसत्या खोचून जोडायची भोकांची पाटी), दहा-बारा जंपर वायरी आणि एक यूएसबी केबल. हे सगळे साधारण हजार-बाराशे रुपयांत बसते. बोर्ड पिना सोल्डर केलेलाच मागावा. ३८ पिनांचा रुंद बोर्ड ब्रेडबोर्डची जवळजवळ सगळी रुंदी व्यापतो आणि वायर खोचायला एका बाजूस जागाच उरत नाही. ३० पिनांचे अरुंद बोर्ड मिळतात, ते बरे. केबल घेताना ती डेटाची आहे ना, हे विचारून घ्यावे, कारण केवळ चार्जिंगच्या केबलमध्ये माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतात. तिने बोर्डावरचा दिवा लागतो, पण संगणकाला बोर्ड दिसत नाही, आणि नवशिक्याची पहिली संध्याकाळ पुष्कळदा याच एका कारणाने वाया जाते.

सेन्सरविषयी अधिक सावध राहावे. स्वस्तातला डीएचटी११ आर्द्रता पाच टक्क्यांच्या फरकाने सांगतो, तर बॉश कंपनीचा बीएमई२८० साधारण तीन टक्क्यांच्या. शिवाय तो तापमान आणि हवेचा दाबही देतो. परंतु त्याच्याच शेजारी, अगदी तशाच पट्टीवर (सेन्सरच्या छोट्या सर्किटवर) बसवलेला बीएमपी२८० विकला जातो, आणि त्याला आर्द्रता मोजताच येत नाही. कित्येक पट्ट्यांवर तर दोन्ही नावे तिरकी रेघ देऊन एकत्रच छापलेली असतात. ओळखण्याची खूण अशी, की बीएमई२८०ची धातूची टोपी अडीच मिलिमीटरची चौरस असते, तर बीएमपी२८०ची किंचित लांबट, दोन बाय अडीच मिलिमीटरची असते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठी करून पाहिली की हा फरक दिसतो. दुकानात वस्तू हाताळण्याचा मुख्य लाभ हा आहे.

संगणकाची तयारी

आर्डुइनो आयडीई ही कोड लिहून बोर्डावर चढवण्याची मोफत प्रणाली उतरवून घ्यावी, तिच्या बोर्ड मॅनेजरमध्ये ईएसपी३२ शोधून एस्प्रेसिफने दिलेला संच बसवावा आणि बोर्ड संगणकाला जोडावा. पोर्टच्या यादीत काहीच दिसले नाही, तर आधी केबल बदलून पाहावी आणि मग बोर्डावरच्या यूएसबी चिपेचे नाव वाचावे. ते बहुधा सीपी२१०२ किंवा सीएच३४० असते आणि काही संगणकांवर तिचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. अपलोड करताना ‘कनेक्टिंग’ या शब्दापुढे नुसते ठिपके वाढत राहिले, तर ठिपके चालू असताना बोर्डावरचे बूट हे बटण दाबून धरावे आणि लिहिणे सुरू झाले की सोडावे.

ईएसपी३२ फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय ओळखते. घरच्या राउटरने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे दोन्ही पट्टे (बँड) एकाच नावाखाली ठेवलेले असतील आणि जोडणी होत नसेल, तर राउटरच्या मांडणीत जाऊन २.४चे नाव वेगळे करावे.

जोडणी

सेन्सरला चार तारा लागतात. त्याचा वीजपुरवठा बोर्डाच्या ३.३ व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला, एसडीए (माहितीची पिन) २१ क्रमांकाच्या पिनेला आणि एससीएल (घड्याळाच्या ठोक्यांची पिन) २२ क्रमांकाच्या पिनेला जोडावा. ईएसपी३२च्या पिना ३.३ व्होल्टच्याच आहेत. त्यांना ५ व्होल्ट दिल्यास चिप कायमची निकामी होऊ शकते. सेन्सरच्या पिना सोल्डर न करता नुसत्या खोचून काम भागवण्याचा मोह होतो, पण असा जोड क्षणात लागतो आणि क्षणात तुटतो, आणि मग दोष कोडमध्ये आहे की तारेत, हे समजेनासे होते. सोल्डरिंगची सवय नसेल, तर मोबाइल किंवा टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून चार पिना सोल्डर करून घ्याव्यात.

बोर्डाला वीज मोबाइलच्या जुन्या चार्जरमधून द्यावी. आर्द्रता वाढली की पंखा आपोआप सुरू व्हावा, ही कल्पना लगेच सुचते आणि त्यासाठीचा रिले, म्हणजे संकेतावर चालू-बंद होणारा स्विच, स्वस्तात मिळतोही. परंतु २३० व्होल्टच्या तारांना पहिल्या वर्षभर तरी हात लावू नये, आणि पावसाळ्यातल्या ओलसर भिंतीशेजारी तर नाहीच. तेथे चूक झाली, तर ती दुरुस्त करण्याची दुसरी संधी मिळेलच असे नाही.

कपाट लोखंडी असेल तर त्याच्या आत वाय-फायचा संकेत पुरेसा पोहोचत नाही. अशा वेळी बोर्ड कपाटावर ठेवून सेन्सर तेवढा चार तारांनी दाराच्या फटीतून आत सोडावा. तार अर्धा-पाऊण मीटर असली तरी बहुधा चालते. यात आणखी एक फायदा आहे: वाय-फाय चालू असताना बोर्ड तापतो, त्याला चिकटून असलेला सेन्सर तापमान जास्त आणि आर्द्रता कमी दाखवतो, आणि बोर्डापासून दूर ठेवल्यावर आकडे खरे येतात.

अडल्यावर प्रश्न कसा विचारावा

येथून पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडा सविस्तर लिहितो.

माझ्या पहिल्या प्रयत्नात सेन्सर सापडतच नव्हता. मी सॉफ्टवेअर विकासकांच्या एका ऑनलाइन समूहात ‘बीएमई२८० चालत नाही, कृपया लवकर मदत करा’ एवढेच लिहिले, आणि दोन दिवस त्याला कोणीही उत्तर दिले नाही. मला त्याचे वाईट वाटले, पण उत्तर देण्याजोगे त्या वाक्यात काही नव्हते. कोणता बोर्ड, कोणती पिन, कोणती लायब्ररी (सेन्सर वाचण्याचा तयार कोड), पडद्यावर नेमके काय उमटले, यांतले काहीही मी सांगितले नव्हते. मी पुन्हा लिहायला बसलो आणि त्यासाठी सीरियल मॉनिटरवरचा, म्हणजे बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या आयडीईच्या खिडकीतला, मजकूर पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला, तेव्हा उत्तर बरेचसे तेथेच होते.

एडाफ्रूट या न्यूयॉर्कच्या संस्थेने बीएमई२८०साठी जी लायब्ररी मुक्तपणे उपलब्ध केली आहे, तिच्या उदाहरणाचा कोड सेन्सर न सापडल्यास त्याचा ओळख क्रमांक छापतो आणि त्याखाली त्याचा अर्थही सांगतो. हेक्साडेसिमल (सोळा अंकांच्या पद्धतीत) ६० आले तर बीएमई२८०, ५८ आले तर बीएमपी२८०, आणि सगळेच एफएफ आले तर बहुधा पत्ता किंवा तार चुकलेली आहे. माझ्याकडे एफएफ आले होते. ही लायब्ररी सेन्सरचा पत्ता, म्हणजे बोर्ड ज्या क्रमांकाने त्याला हाक मारतो तो क्रमांक, ७७ धरून चालते, तर बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त पट्ट्यांचा पत्ता ७६ असतो. पत्ता बदलल्यावर ओळख क्रमांक ५८ आला. म्हणजे मला बीएमई म्हणून बीएमपी मिळाला होता, आणि आर्द्रता मोजणे त्याला शक्यच नव्हते. हे दोन्ही आकडे घालून मी प्रश्न नव्याने लिहिला, तेव्हा तासाभरात दोघांनी माझ्या तर्काला दुजोरा दिला आणि एकाने टोपीच्या आकाराची ती खूण सांगितली, जी मी वर दिली आहे.

तेव्हापासून मी प्रश्न एका ठरावीक रीतीने लिहितो आणि नव्यांनाही तीच सुचवतो. आधी चूक दाखवणारा संदेश जसाच्या तसा अवतरणचिन्हांत घालून शोधावा. स्टॅक ओव्हरफ्लो हे स्थळ २००८पासून अशा प्रश्नांचे भांडार झाले आहे, आणि आर्डुइनोचा व एस्प्रेसिफचा स्वतःचा मंचही आहे. उत्तर मिळाले नाही, तर आपला कोड कापत कापत एवढा लहान करावा, की त्यात दोष दिसण्यापुरत्याच ओळी उरतील. हे करताना निम्म्याहून अधिक वेळा दोष आपल्यालाच सापडतो, असा माझा अनुभव आहे. उरलेल्या वेळी तो लहान कोड, बोर्डाचे नाव, संचाची आवृत्ती, जोडणीचे स्पष्ट छायाचित्र, आपल्याला काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय घडले, एवढे लिहावे. कोड मजकूर म्हणून चिकटवावा. पडद्याचे छायाचित्र काढून पाठवले, तर मदत करणाऱ्याला तो चालवून पाहता येत नाही.

आवृत्ती सांगण्यावर मी विशेष भर देतो. ईएसपी३२च्या आर्डुइनो संचाची तिसरी आवृत्ती २०२४मध्ये आली, तेव्हा दिव्याचा उजेड कमीजास्त करण्याच्या काही जुन्या आज्ञा काढून टाकण्यात आल्या आणि त्यांच्या जागी नव्या आल्या. त्यामुळे त्याआधीचे कित्येक धडे आणि व्हिडिओ आज जसेच्या तसे चालत नाहीत. शिकणाऱ्याला वाटते की आपलेच काही तरी चुकले, आणि तो नाउमेद होतो. प्रत्यक्षात धडा २०२१चा असतो आणि संच आजचा.

भाषेची भीती बाळगू नये. तेथील व्यवहार बहुतांशी इंग्रजीत चालतो, पण छोटी, साधी वाक्ये पुरतात. आपल्याकडच्या सवयीने ‘सर’ म्हणण्याची किंवा ‘अर्जंट’ लिहिण्याची आवश्यकता नाही. उत्तर देणारी माणसे आपल्या फावल्या वेळात, बहुधा आपली रात्र असताना, विनामूल्य लिहीत असतात. उत्तर लागू पडले की तसे नोंदवून आभार मानावेत, आणि उत्तर स्वतःच सापडले असेल तर तेही त्याच प्रश्नाखाली लिहून ठेवावे. ‘जमले, धन्यवाद’ एवढेच लिहून निघून गेलेल्या माणसाचा धागा चार वर्षांनी तीच अडचण घेऊन येणाऱ्याला किती निराश करतो, हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच कळेल.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता कोड लिहून देतात आणि चूक दाखवणारा संदेश समजावूनही सांगतात. मीही ती वापरतो. पण त्यांनी दिलेला प्रत्येक पिन क्रमांक चिपेच्या डेटाशीटशी (उत्पादकाच्या माहितीपत्रकाशी) ताडून पाहावा, कारण ३४ ते ३९ या पिना केवळ आत येणारा संकेत वाचू शकतात, बाहेर काही पाठवू शकत नाहीत, असले बारकावे त्यांच्याकडून निसटू शकतात. त्यांनी लिहिलेली उत्तरे आपली म्हणून इतरांना देऊ नयेत. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२मध्येच अशा उत्तरांवर बंदी घातली, आणि ती मला योग्य वाटते. स्वतः करून न पाहिलेले उत्तर दुसऱ्याचा बोर्ड जाळू शकते.

पाया मराठीतून पक्का करायचा असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे लिनक्स आणि लिबरऑफिसवरील धडे मराठी निवेदनासह विनामूल्य उपलब्ध आहेत. मुलांच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल, तर तेथील शिक्षकांकडे हे बोर्ड बहुधा असतात आणि विचारल्यावर ते आनंदाने दाखवतात.

कोड मांडणे आणि पहिली दुरुस्ती

उपकरण चालू झाल्यावर त्याचा कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवावा. गिट ही आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिली, आणि तिच्यावर आधारलेले गिटहब २००८ साली सुरू झाले. खाते उघडतानाच द्विस्तरीय पडताळणी सुरू करून घ्यावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाय-फायचा पासवर्ड मुख्य कोडमध्ये लिहू नये. तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवून त्या फाइलचे नाव गिटइग्नोरच्या, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या, यादीत घालावे. पासवर्ड एकदा चढवला आणि नंतर पुसला, तरी तो इतिहासात राहतोच, आणि मग राउटरचा पासवर्ड बदलणे एवढाच खरा उपाय उरतो. कोडसोबत परवानाही जोडावा. परवाना नसलेला कोड दिसत असला, तरी तो घेऊन पुढे नेण्याचा हक्क कायद्याने कोणाला मिळत नाही. नवशिक्यासाठी एमआयटी परवाना छोटा आणि समजण्यास सोपा आहे.

दुसऱ्याच्या प्रकल्पात पहिली भर घालताना मोठे काही करण्याची घाई करू नये. अनेक प्रकल्पांत नव्यांसाठी योग्य अशा कामांवर ‘गुड फर्स्ट इश्यू’ अशी खूण असते. तिच्याही आधी, वापरताना आपल्याला जे वाक्य अपुरे वाटले तेच दुरुस्त करावे. माझी पहिली दुरुस्ती एका छोट्या लायब्ररीच्या माहितीपत्रात होती: ‘स्वस्त पट्ट्यांचा पत्ता ७६ असू शकतो’, या अर्थाची एक ओळ. मूळ प्रकल्पाची आपल्या खात्यात प्रत, म्हणजे फोर्क, करायची, तिच्यात वेगळी शाखा, म्हणजे बदलांसाठीची स्वतंत्र आवृत्ती, काढायची, बदल करायचा आणि तो स्वीकारावा अशी विनंती, म्हणजे पुल रिक्वेस्ट, पाठवायची, एवढाच क्रम आहे. प्रकल्प सांभाळणाऱ्याने मला शब्दरचना बदलण्यास सुचवले, मी ती बदलली, आणि नवव्या दिवशी ओळ स्वीकारली गेली. त्या दिवशी झालेला आनंद मला आजही आठवतो.

संख्येसाठी दुरुस्त्या पाठवू नयेत. ऑक्टोबर २०२०मध्ये हॅक्टोबरफेस्ट या, मुक्त प्रकल्पांना हातभार लावण्याच्या, उपक्रमात टी-शर्ट मिळवण्यासाठी लोकांनी प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा इतका मारा केला, की आयोजकांना, ज्या प्रकल्पांची तयारी असेल त्यांनीच सहभागी व्हावे, असा नियम महिना चालू असतानाच करावा लागला. सांभाळणारी माणसे थोडी असतात आणि प्रत्येक विनंती त्यांना वाचावी लागते.

त्याऐवजी आपल्या उपकरणाच्या माहितीपत्रात जोडणीच्या सूचना इंग्रजीबरोबर मराठीतही लिहाव्यात, म्हणजे ऐरोलीतल्या किंवा कळव्यातल्या एखाद्या दहावीच्या मुलीला तारा कोठे जोडायच्या हे कोणाला न विचारता वाचता येईल. आकड्यांची आठवडाभराची नोंदही तेथेच ठेवावी: खालचा कप्पा, वरचा कप्पा, कपाटाची भिंत बाहेरची आहे की आतली, दार किती वेळ उघडे होते. सुमारे ७० टक्क्यांच्या वर आर्द्रता दिवसचे दिवस टिकली की बुरशीला अनुकूल ठरते, तेव्हा पुस्तके कोणत्या कप्प्यात हलवायची, हे त्या नोंदीवरूनच ठरवता येईल. दुरुस्ती स्वीकारली गेल्यावर आपली शाखा पुसून टाकावी आणि मूळ प्रकल्पाची ताजी प्रत आपल्या खात्यात ओढून घ्यावी, म्हणजे पुढची दुरुस्ती जुन्या प्रतीवर होणार नाही.